सहा मासे, एक कॅम्पर

पहिला दिवस : लातूर ते बीड

लातुरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ठेवणारा माणूस हौशी तरी असतो नाही तर अर्धवट, असं आमच्या गल्लीचं मत आहे. मला दोन्ही मान्य. क्लासेसच्या भागात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर नीटच्या नोट्स छापायच्या आणि रात्री घरी येऊन दोनशे लिटर समुद्राशेजारी खुर्ची टाकून बसायचं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र शिवत नाही. आमच्याकडं समुद्र येतो तो आठवडी बाजारातल्या सुक्या बोंबलांतून. माझ्या घरी तो मिठाच्या बादलीतून येतो.

ही टाकी मी २०१६ मध्ये मोडली होती. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण तळाला गेलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. लोक गाडी बघायला स्टेशनवर गेले होते, मीही गेलो होतो. घरी आलो तर आरओ मशीन चालू. एक लिटर शुद्ध पाणी माशांसाठी काढायचं म्हणजे दोन-तीन लिटर मोरीत जायचं, आणि बाहेर शेजारच्या काकू घागर घेऊन टँकरच्या रांगेत. त्याच आठवड्यात मासे पुण्याच्या एका मित्राला दिले आणि काच पालथी घातली. चार वर्षांनी पुन्हा मांडली ती बायकोच्या अटीवर. आरओचं फेकायचं पाणी आता पिंपात साठतं आणि फरशी, भांडी, गाडी त्यावर निघतात.

दिवाळी झाली आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरांचा फोन आला, "पिल्लं तीन महिन्यांची झालीत. न्यायची असतील तर या, नाही तर दुसऱ्याला देतो." सर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. मासा म्हणजे बांगाई कार्डिनल. रुपेरी अंग, त्यावर तीन काळे उभे पट्टे, पांढरे ठिपके आणि मधून खोल चिरलेली शेपटी. पूर्ण वाढला तरी आठेक सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मधल्या बोटाएवढा.

दुकान भावाच्या गळ्यात घालून निघालो. रस्त्याचं काय सांगायचं, जागोजागी सोयाबीन वाळत टाकलेलं. रेणापूर फाटा, बर्दापूर, अंबाजोगाईत योगेश्वरीला हात जोडले, मग केज, नेकनूर, मांजरसुंबा. संध्याकाळी बीडला ताईकडं. ताईनं विचारलं, "माशे आणायला एवढ्या लांब? बीडात मिळत नाहीत का?" मी म्हटलं, "खायचे नाहीत गं." ती म्हणाली, "मग तर अजूनच कठीण."

नववीतला भाचा मागं लागला, "मामा, मी पण येतो." सुट्टी होती, घेतला.

दुसरा दिवस : बीड ते पैठण ते संभाजीनगर

ताईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गेवराईच्या पुढं शहागडला गोदावरीचा पूल लागतो. पात्र भरून वाहत होतं. भाच्यानं पुलावरून नदीला पैसा टाकला आणि "मामा, हा मासा इथं जगेल का?" हा प्रवासातला पहिला प्रश्न विचारला. नाही म्हटलं, गोड पाण्यात तासाभरात मरेल. पुढचे दोनशे प्रश्न इथं देत नाही.

पाचोडहून पैठणकडं वळलो. सरळ गेलो असतो तर जेवायच्या वेळेला संभाजीनगरात असतो, पण मला नाथसागर बघायचा होता. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते लोकांच्या स्वाधीन केलं. भिंतीची लांबी दहा किलोमीटरच्या आसपास. वारा सुटला की पाणी असं हेलकावतं की समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्राची कल्पना यावी. भाच्यानं समुद्र पाहिलेला नाही. तो बराच वेळ गप्प होता.

काठावर थर्मोकोलच्या तराफ्यावरून एक म्हातारे मच्छीमार नुकतेच उतरले होते. जाळ्यात एक-दोन रोहू, एक मरळ आणि बाकी सगळी चिलापी. पुस्तकातली तिलापिया.

"मामा, रोहू कमी दिसतोय," मी म्हटलं.

"रोहू-कटल्याचं बी आम्ही टाकायचं आन् वाढायचं ह्या चिलापीनं," ते म्हणाले. "हिला कुणी बोलावलं नव्हतं. आता जाळं टाकलं की हीच."

त्यांनी त्यातली एक उचलली आणि अंगठ्यानं खालचा जबडा दाबला. तोंडातून पिवळट मोहरीचे दाणे सांडावेत तशी अंडी त्यांच्या तळहातावर आली. काही दाण्यांना डोळे फुटलेले.

"आई तोंडात धरती लेकरं. कुणी आलं की पुन्हा गिळून बसती. म्हणून तर मरत न्हाई."

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तळहातावर पाहिलं नव्हतं. ही मूळची आफ्रिकेतली, मोझांबिकी जातीची. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि नंतर तळी, नद्या, धरणं कुणाला सोडलं नाही तिनं. उद्या आम्ही जो मासा आणायला निघालो होतो, तोही लेकरं तोंडात धरतो. तिथं मात्र ते काम बापाचं.

"बाप?" म्हातारबा हसले. "मग तो मासा न्हाई, देवमाणूस हाय."

भाच्यानं अंडी पाण्यात सोडायला मागितली. त्यांनी हातातली अंडी ओंजळीसकट पाण्यात बुडवली. त्याचा उपयोग नव्हता आणि हे त्यांना आमच्याहून चांगलं माहीत होतं.

नाथांच्या वाड्यात दर्शन घेतलं, उद्यानाच्या फाटकावरूनच परत फिरलो आणि रात्री आठला संभाजीनगर. लॉजच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यासमोर दुसऱ्या लॉजची भिंत.

तिसरा दिवस : सरांच्या मागच्या खोलीत

सर सिडकोत राहतात. मागच्या खोलीत सहा टाक्या, एक इन्व्हर्टर, आणि भिंतीवर शाळा सोडताना सोबत आणलेला फळा. त्यावर रंगीत खडूनं सुलावेसीचा नकाशा. इंडोनेशियातलं हे बेट म्हणजे चार पाय चार दिशांना ताणलेला कोळी. त्याच्या पूर्वेकडच्या पायाच्या टोकाशी सरांनी पिवळ्या खडूनं ठिपके दिले होते. पेलेंग त्यातलं मोठं, बांगाई त्याच्या दक्षिणेला, आणि आजूबाजूला लहान लहान बेटं.

"हे त्यांचं सगळं जग," सर म्हणाले. "या सगळ्या ठिपक्यांना मिळून दोरी वेढलीत तर आत साधारण साडेपाच हजार चौरस किलोमीटर येतात. परभणी जिल्हा याहून मोठा. त्यातही खोल पाणी वजा करा. मासा राहतो फक्त काठाच्या उथळ पट्ट्यात, आणि तो पट्टा भरतो फार तर तीस-पस्तीस चौरस किलोमीटर."

"बाकी समुद्र का नाही घेतला त्यानं?" भाच्यानं विचारलं.

सर खूश झाले. त्यांनी बसायला सांगितलं. (माझ्या लक्षात आलं की शिकवायला पोरगं न मिळणं हा निवृत्तीचा खरा त्रास असावा.)

"प्रवाळातले बहुतेक मासे काय करतात? अंडी फुटली की पिल्लं पाण्याबरोबर वाहत जातात. काही आठवडे वाहतात. शंभरातली नव्व्याण्णव मरतात, पण उरलेलं एखादं दुसऱ्या बेटाला लागतं. विदूषक माशाचं पाहा, पिल्लू आठवडा-दीड आठवडा वाहतं. म्हणून त्या जाती अंदमानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या. आपल्या या पठ्ठ्याची पिल्लं वाहतच नाहीत. बापाच्या तोंडातून निघाली की तिथंच दगडाशी चिकटतात. मोठा झाला तरी उघड्या खोल पाण्यात तो शिरत नाही. दोन बेटांमध्ये खोल दरी असली की झालं, तीच त्याची हद्द. इतकी की काही किलोमीटर अंतरावरच्या दोन खडकांवरचे मासे जनुकांनी वेगळे निघाले. भावकी एक, पण पिढ्यान्‌पिढ्या येणं-जाणं नाही."

मग त्यांनी चौथ्या टाकीसमोर खुर्च्या ओढल्या.

कोपऱ्यात एक नर जवळजवळ स्थिर उभा होता, डोकं किंचित खाली. हनुवटी सुजल्यासारखी. एखाद्या माणसानं तंबाखूची गुळणी धरावी आणि थुंकायला जागा मिळू नये, असा चेहरा. सरांनी टॉर्च तिरपा धरला. गालाची कातडी पातळ, आणि आत गोल मण्यांचा घोस. सात-आठ मिनिटांनी त्यानं तोंड उघडलं. घोस क्षणभर बाहेर आला, फिरला आणि पुन्हा आत गेला. त्या एका क्षणात मण्यांच्या आत काळे डोळे दिसले. शेकडो नव्हेत, चाळीस-पन्नास असतील. मोठी अंडी, ज्वारीच्या दाण्याहून थोडी लहान.

"वीस दिवस अंडी," सर म्हणाले, "आणि फुटल्यावर पिल्लं आणखी आठ-दहा दिवस तोंडातच."

"मग तो जेवतो कधी, सर?"

"जेवत नाही."

"महिनाभर?"

"महिनाभर."

आमच्याकडं कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला बोलायचं होतं, पण सर गंभीर होते.

बाजूच्या टाकीत पिल्लं. इथं मला सगळ्यात मजा आली. टाकीच्या मधोमध काळ्या काट्यांचा एक गोळा, आणि त्या काट्यांमध्ये पिल्लं, प्रत्येक काट्याशी समांतर उभी. त्यांच्या मूळ गावी ही पिल्लं लांब काळ्या काट्यांच्या सागरी अर्चिनमध्ये लपतात. काळे पट्टे आणि काळे काटे एकमेकांत मिसळतात, शत्रूला काही कळत नाही. सरांकडं अर्चिन कुठून येणार? त्यांनी प्लास्टिकच्या चेंडूला भोकं पाडून त्यात काळे केबल टाय खोचले होते, इलेक्ट्रिशियन वायरी बांधायला वापरतात ते. पिल्लांनी तो गोळा आनंदानं स्वीकारला. माशांना तरी ब्रँड लागत नाही.

या माशाचं पिल्लू जन्मतःच धडधाकट असतं. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव, त्याची नुकती फुटलेली अळी ते पहिल्या दिवसापासून खातं. म्हणून सरांसारख्या घरगुती माणसालाही ते वाढवता येतं. विदूषक माशाच्या पिल्लाला आधी त्याहूनही बारीक, रोटिफर नावाचे जीव लागतात आणि ते वाढवता वाढवता माणसाचा जीव जातो.

दुपारच्या चहाला सरांनी पुढची गोष्ट सांगितली. वॉल्टर काउडर्न नावाच्या स्वीडिश संशोधकानं हा मासा त्या बेटांवर गोळा केला, १९३३ मध्ये डच शास्त्रज्ञ कौमान्स यांनी त्याचं वर्णन छापून काउडर्नचं नाव त्याला दिलं, आणि मग साठ वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. १९९४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड अ‍ॅलन तिथं पुन्हा पोचले. त्यांचे फोटो बाहेर आले आणि हौशी लोकांची धाड पडली. बघता बघता वर्षाला लाखांनी मासे पिशव्यांत भरून जायला लागले. उथळ पाण्यात, एका जागी, घोळक्यानं उभा राहणारा मासा, पळूनही जात नाही. लहान जाळ्यानं पोरंसुद्धा धरतात. २००७ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गरक्षण संस्थेनं त्याला धोक्यातल्या जातींत घातलं. त्याच वर्षी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात त्याच्या व्यापारावर नियंत्रण आणायचा प्रस्ताव आला आणि मागं घेतला गेला. २०१६ मध्ये पुन्हा आला, पुन्हा मागं. शेवटी इंडोनेशियानंच २०१८ मध्ये नियम केला : फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, या महिन्यांत तिथं तो धरायचा नाही. शिवाय आता तिथली माणसं अर्चिन आणि समुद्रफूलही खाण्यासाठी गोळा करतात. मासा नाही धरला तरी त्याचं घरच उचलून नेलं जातं.

"आणि एक गंमत," सर फळ्याकडं गेले. सुलावेसीच्या उत्तर टोकाला त्यांनी लाल ठिपका दिला. "लेंबे. इथं हा मासा नव्हता. २००० च्या सुमारास व्यापाऱ्यांकडून सुटला आणि आता भरपूर आहे. पालूच्या खाडीत आहे. पार बालीच्या टोकाला गिलिमानुकलाही आहे. लाखो वर्षांत जी दरी ओलांडता आली नाही, ती पिशवीतून ओलांडली."

"म्हणजे चिलापीसारखं," भाचा म्हणाला.

सरांना चिलापीचं माहीत नव्हतं. पोरानं त्यांना म्हातारबांचा तळहात सांगितला, अंडी किती, डोळे कसे. सर ऐकत राहिले. मग खडू घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : पैठण.

सहा पिल्लं ठरली. सरांनी दटावलंही, "तुमच्या दोनशे लिटरमध्ये सहा टिकणार नाहीत. जोडी जमली की ती बाकीच्यांना मारते. तसं दिसलं की उरलेले परत आणायचे." कबूल केलं. आजपासून त्यांना उपास, म्हणजे प्रवासात पाणी घाण होणार नाही. रात्री आम्ही नान-खलिया खाल्ला. आमचा उपास नव्हता.

चौथा दिवस : परत

पहाटे पाचला सरांच्या दारात. पिशव्या तीन, प्रत्येकीत दोन मासे. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंडाला पीळ देऊन रबर, वरून दुसरी पिशवी, मग वर्तमानपत्र, मग थर्मोकोलचं खोकं. अंधारात मासे शांत राहतात. सरांनी दोन गोष्टी बजावल्या. वाटेत पिशवी उघडायची नाही. आणि उघडलीच तर मासा तिथल्या तिथं नव्या पाण्यात. बंद पिशवीत माशाच्या श्वासातल्या वायूनं पाणी आंबट होत जातं, आणि आंबट पाण्यात माशाच्या अंगातून निघालेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, आंबटपणा उतरतो, आणि तोच अमोनिया विष होतो. सोबत त्यांनी तयार खाऱ्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन दिला. "लागणार नाही, पण असू दे."

लागला.

गेवराईच्या अलीकडं ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर भेटले. दोन-दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, शेळी, गोधड्या आणि त्यांवर बसलेली लेकरं. एका ट्रॉलीच्या कडेला बापाच्या मांडीत झोपलेलं पोर, आणि बापाचा हात त्याच्या तोंडावर, धूळ लागू नये म्हणून. बराच वेळ आम्ही त्यांच्या मागं होतो. ओव्हरटेक करायला जागा होती, पण केलं नाही.

मांजरसुंब्याचा घाट चढलो आणि भाचा मागून म्हणाला, "मामा, सीट ओली झाली."

खोकं उघडलं. मधली पिशवी खचलेली. आतल्या पिशवीच्या कोपऱ्याला सुईएवढं भोक, पाणी बाहेरच्या पिशवीत, बाहेरच्या पिशवीचं रबर सैल, आणि हवा गेलेली. दोन्ही पिल्लं एका बाजूला आडवी, कल्ले जोरात चालू. कॅन होता, पण ओतायचं कशात? कॅनचं तोंड बाटलीएवढं. डिकीत लोखंडी टोपलं, तेही गंजलेलं.

समोर धाबा होता. मी आत धावलो आणि मालकांना काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण त्यात "समुद्र" हा शब्द होता. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा पोराच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि म्हणाले, "कॅम्पर चालंल का?"

लग्नात, धाब्यावर, पारावर, निळं प्लास्टिकचं थंड पाण्याचं कॅम्पर आमच्याकडं सगळीकडं असतं. रुंद तोंड, जाड भिंत, गरम-थंड बाहेरचं आत येत नाही. माशासाठी याहून चांगलं भांडं लाखात मिळायचं नाही आणि मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. पोऱ्यानं आतलं गोड पाणी माठात ओतलं. मी सरांचं पाणी आत ओतलं. पिशवी सोडली, चहाच्या गाळणीनं दोन्ही पिल्लं उचलून आत सोडली, पिशवीतलं पाणी टाकून दिलं. सेलवरचा हवेचा पंप मी नेहमी गाडीत ठेवतो. तो घरघरायला लागला.

धाब्यावरचं सगळं गिऱ्हाईक कॅम्परभोवती. एक ट्रकवाले काका बराच वेळ वाकून बघत होते. त्यांनी बोट बुडवून चाखलं. "खारट हाय की वं," ते म्हणाले, आणि कुणालाच विश्वास बसेना म्हणून बाकीच्यांनीही बोटं बुडवली. मी कसंबसं थांबवलं. दहा मिनिटांनी एक पिल्लू सरळ झालं. मग दुसरं.

अनामत द्यायला गेलो तर मालक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या खेपेला आणून द्या."

तिथून लातूरपर्यंत भाचा कॅम्पर मांडीत धरून बसला. झाकण अर्धं उघडं, एक हात कडेला. खड्डा आला की "मामा हळू" म्हणायचा. नेकनूर, केज, अंबाजोगाई, कुठंही उतरला नाही. धपाटे गाडीतच खाल्ले, एका हातानं.

दुपारी अडीचला घरी. सरांच्या पाण्याची विशिष्ट घनता, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२३, माझ्या पाण्याची १.०२५. कॅम्परमध्ये नळीनं थेंब थेंब माझं पाणी मिसळत दीड तास गेला. बंद पिशव्यांतले चौघं आधी पिशवीसकट टाकीत तरंगत ठेवले, मग सोडले. दिवा बंद. बायकोनं ओल्या सीटवर हात फिरवून वास घेतला आणि काही बोलली नाही. माझ्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

पाचवा दिवस : लातूर

सकाळी मोजले, पाचच मासे.

ज्या दोघांची रात्रभर धास्ती होती ते सगळ्यात पुढं, टवटवीत. न गळलेल्या पिशवीतलं एक तळाशी पडलेलं. कशानं गेलं कळलं नाही. भाच्यानं ते कागदात गुंडाळून कुंडीत पुरलं, तुळशीच्या नाही, शेजारच्या जास्वंदीच्या. सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "कोणत्या पिशवीतलं?" आणि लिहून घेत असावेत, कारण मध्ये थोडा वेळ शांत होते.

मी काल रात्री घाईत बनवलेला केबल टायचा गोळा टाकीत सोडला. माझे टाय पांढरे होते, काळे दुकानात संपले होते. पाचही मासे त्याच्याकडं ढुंकून बघेनात. संध्याकाळी भाचा गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून काळे टाय घेऊन आला, वीस रुपयांचे, आणि बसून एकेक खोचले. आठच्या सुमारास पहिलं पिल्लू काट्यांत शिरलं आणि तिथंच उभं राहिलं.

कॅम्पर धुऊन गच्चीवर पालथं ठेवलंय. कितीही धुतलं तरी वाळलं की कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते. धाब्यावर परत देण्याआधी ती काढायला हवी, नाही तर पुढचं पाणी पिणारं गिऱ्हाईक मालकांना शिव्या देईल. चिंचेनं घासून बघणार आहे.